दुसरी घंटा

रुमालात गुंडाळली तरी घंटा वाजायची थांबली नाही. सरांच्या घरापासून पालघर स्टेशनापर्यंत रस्त्याला जेवढे खड्डे, तेवढ्या वेळा ती पिशवीत हलली आणि प्रत्येक वेळी माझं तोंड आपोआप मिटलं. रिक्षात मी एकटीच होते, कुणाशी बोलतही नव्हते. तरी मिटलं.

सरांना जाऊन महिना झाला. काकू आता घर बंद करून मुलाकडे पुण्याला निघाल्यात. त्यांनी फोन केला होता, काही पुस्तकं हवी असतील तर घेऊन जा म्हणून. गेले तेव्हा पंख्याखाली दोरीनं बांधलेले गठ्ठे होते, भिंतीवर फोटो काढल्याचे पांढरे चौकोन होते, आणि खिडकीत सरांचा चष्मा तसाच उपडा पडलेला होता. काकूंनी चहा दिला. मग कपड्यांच्या कपाटात कोपरापर्यंत हात घालून, स्वेटरांच्या खालून, त्यांनी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. उलगडायच्या आधीच मला कळलं आत काय आहे. वजनावरूनच कळलं.

"सासूबाईंच्या पूजेतली घंटा ही," काकू म्हणाल्या. "कॉलेजात न्यायचे तेव्हाही मी कुरकुर करायचे. पण त्या वर्षानंतर नेलीही नाही आणि देवातही ठेवू दिली नाही. म्हणाले, ती आता पूजेची राहिली नाही. तू घेऊन जा बाई. मला पुण्याला नको."

कुठल्या वर्षानंतर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुस्तकं तिथंच राहिली.

घंटेच्या दांड्यावर गरुड आहे. हात जोडून बसलेला. सरांच्या अंगठ्यानं त्याचं नाक झिजून गुळगुळीत झालंय. कॉलेजच्या शेवटच्या मजल्यावर, पाचनंतर रिकाम्या झालेल्या वर्गात, खडूच्या आणि उन्हानं तापलेल्या बाकांच्या वासात, हा गरुड सरांच्या मुठीत असायचा. सर शिकवायचे भूगोल, पण त्यांचा सगळा जीव वक्तृत्वात. कुठं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागली की आमची ठरलेली चार-पाच पोरं त्या वर्गात जमायची. चार मिनिटं झाली की पहिली घंटा, हलकी, एकदाच. ती इशाऱ्याची. पाच मिनिटं झाली की दुसरी, आणि ती झाल्यावर एक अक्षर जरी तोंडातून गेलं तरी सर बोट वर करायचे. गुण गेला.

"वाक्य अर्धं असलं तरी तोंड मिटायचं," सर म्हणायचे. "वेळ न पाळणारा वक्ता म्हणजे जेवणाला बोलावल्यावर मुक्काम ठोकणारा पाहुणा."

आम्ही हसायचो आणि मिटायचो. मिटायची सवय इतकी लागली की एकदा रसाच्या गाड्यावर बोलता बोलता रसवाल्याच्या चरकाची घुंगरं वाजली, तर मी वाक्याच्या मध्येच थांबले. सगळी पोरं खो-खो हसली. आमच्यातली वनिता सगळ्यात जास्त. मला त्या सवयीचा अभिमान होता. स्पर्धेत बाकीच्या कॉलेजांची मुलं दुसऱ्या घंटेनंतर घाईघाईनं शेवट कोंबायची, परीक्षक भुवया उंचवायचे, आणि आमचं कॉलेज काट्यावर थांबायचं. फिरत्या ढाली आमच्या कपाटात राहायला यायच्या.

सरांनी शिकवलेलं सगळं आजही अंगात आहे. पाय खांद्याइतके लांब ठेवून रोवायचे. श्वास छातीत नाही, पोटात घ्यायचा. ओढणीशी चाळा नाही. डावीकडे बघायचं, मध्ये बघायचं, उजवीकडे बघायचं, पण फिरणाऱ्या पंख्यासारखं नव्हे. वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तेच गिळलं तर लोकांना कळणार काय? आणि आवाज कुठवर पोचवायचा, तर शेवटच्या रांगेत एक बहिरी म्हातारी बसलीय असं धरायचं आणि तिच्याशी बोलायचं. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांशी नाही. ते कसेही ऐकतात किंवा कसेही ऐकत नाहीत.

थंडीत, रविवारी, सर आम्हाला केळव्याला न्यायचे. ओहोटीला पाणी दूर गेलेलं, वाळू ओली आणि कडक. सर सुरूच्या झाडांपाशी उभे राहायचे आणि आम्ही पार पाण्याच्या कडेला. लाटांवरून बोलायचं. आवाज पोचला की सर रुमाल वर करायचे. माझ्यासाठी रुमाल वर यायला तीन-तीन वाक्यं लागायची. वनितासाठी पहिल्याच शब्दाला यायचा.

वनिता केळव्याचीच. नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली, या टोकाच्या माणसाला त्या टोकावरून हाक मारत मोठी झालेली. तिचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सराव झाला की आम्ही सगळे तिच्या वाडीत जायचो. पाटाच्या पाण्याचा गारवा, सोललेल्या सुपारीचा तुरट वास, पायाखाली झावळ्यांची करकर. तिची आई ओट्यावर अडकित्ता घेऊन बसलेली असायची. "काय बोल्लात रे पोरांनो समुद्राशी?" म्हणून विचारायची. "त्यानं काय उत्तर दिलं?" मग शहाळी यायची.

गुण मात्र मला मिळायचे. वनिता बोलायला उभी राहिली की सभागृह गप्प व्हायचं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पण ती 'आमी' म्हणायची, 'नाय' म्हणायची, आणि परीक्षकांच्या कागदावर 'उच्चारदोष' असा शब्द यायचा. सरांनी खूप मेहनत घेतली. त्यांच्या सांगण्यावरून ती वाडीतली सुपारी गालात धरून 'आम्ही, तुम्ही, नाही, आहे' असं शंभरदा म्हणायची. स्टेजवर गेली, अंगात आलं, की पुन्हा 'आमी'. मी पहिल्या रांगेत बसून ओठ दाबून हसायचे. माझे आईबाप सांगलीकडचे, वडील बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. माझं मराठीही काही पुस्तकातलं नव्हतं, पण मी ते पटकन पुस्तकातलं करून घेतलं. पोपटाला जे जमतं ते मला जमलं. तेव्हा मला तो माझा गुण वाटायचा.

वनिताचा मोठा भाऊ दिनेश. आम्ही सगळे त्याला दिनूभाऊ म्हणायचो. वाडीवर घराचं भागेना म्हणून तो बोईसरला एका रसायनाच्या कारखान्यात लागला होता, ठेकेदाराच्या हाताखाली. चौघा मुलांबरोबर खोली घेऊन राहायचा, रविवारी घरी यायचा. आठवड्यात मध्ये एकदा त्याची आई डबा करायची. वनिता तो सकाळी केळव्याहून पालघरला कॉलेजात आणायची. तिथून मी तो बोईसरला न्यायचे, कारण कारखाना माझ्या घराच्या वाटेवर होता. डबा बाकाखाली असला की अख्खा वर्ग सुकटाच्या चटणीनं दरवळायचा. भूगोलाच्या तासालाही सर नाक वर करून म्हणायचे, "आज दिनूचा वार दिसतोय."

बोईसरला आमच्या लहानपणी वाऱ्याची दिशा नाकानं कळायची. समुद्राच्या अंगानं वारा आला की कारखान्यांचा वास घेऊन यायचा. कधी सडक्या अंड्यांचा, कधी नखांना लावायच्या रंगासारखा, कधी अगदी गोडसर, बदामाच्या मिठाईसारखा. हा गोड वास आला की आई खिडक्या लावून घ्यायची. आम्ही पोरं गच्चीवर वास ओळखायचा खेळ खेळायचो. सकाळी सातचा, दुपारी तीनचा भोंगा झाला की शेजारणी घड्याळं लावायच्या. नाल्याचं पाणी एखाद दिवशी रंगपंचमीसारखं असायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गाव म्हणजे असंच असतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

तो दिवसही डब्याचा होता. तीनच्या भोंग्याआधी थोडा वेळ मी कारखान्यापाशी पोचले. मोठ्या फाटकातून कायमचे कामगार जायचे, वहीत सही करून. ठेकेदाराची माणसं मागच्या बारक्या दारानं जायची, त्यांची सही-बिही काही नसायची. दिनूभाऊ त्या दारापाशी उभा होता. निळा शर्ट, खिसा एका कोपऱ्यात उसवलेला, खिशात बिडी नाही पण कंगवा.

"काय वक्तीणबाय," तो म्हणाला, "आज कोनाला हरवलं?"

"आज कुणाला नाही. काल नुसता सराव झाला."

"सराव काय कामाचा? आमच्या ठेकेदाराशी बोलून दाखव एकदा. मग मानीन." डबा हातात घेऊन त्यानं झाकणाला नाक लावलं. "आयेला सांग, रविवारी येतो. आन् वनीला म्हनावं, सुपारी गालात नको, भावाला दे."

तो दारातून वाकून आत गेला. ते दार बुटकं होतं, त्याला वाकावं लागायचं. आत गेल्यावर त्यानं वळून डबा वर करून दाखवला, सर रुमाल करायचे तसा. मग भोंगा झाला.

दिवेलागणीला आमच्या घरातली भांडी फळीवरून खाली आली. आधी जमीन हलली, मग आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. कुत्रीसुद्धा गप्प. नंतर तो गोड वास आला. आईनं खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, आणि आम्ही तोंडावर पदर, रुमाल, जे मिळेल ते धरून बसलो.

दिनूभाऊच्या कारखान्यात स्फोट झाला होता. आतली चार माणसं गेली. पाचवा दिनूभाऊ, पण तो आत नव्हता असं कारखान्याचं म्हणणं पडलं. तो कुंपणाबाहेर, नाल्याच्या कडेला सापडला होता. वहीत त्याचं नाव नव्हतं. ठेकेदारानं हात वर केले. त्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता, रस्त्यानं भटकत असेल, असं कुणीतरी म्हणालं. मग पिऊन पडला असेल, असंही कुणीतरी म्हणालं. ज्यानं आयुष्यात बिडी ओढली नाही त्याला आठवड्याभरात गावानं दारुडा करून टाकला. त्याची आई येईल त्याला एकच विचारायची, "माजा पोर कामावर होता का नव्हता?" तिला दुसरं काही नको होतं. मेला तो मेला, पण कामावर मेला एवढं कुणीतरी लिहून द्यावं, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

त्याला आत जाताना पाहिलेलं बाहेरचं माणूस एकच. मी.

सरकारी चौकशीची जाहीर सुनावणी लागली तेव्हा वनिता सरांकडे आली. घरच्यांचं कोण ऐकणार, त्यातून आमचं बोलणं असलं, ती म्हणाली. ही बोलेल. ही चांगलं बोलते. सरांनी त्याच दिवशी मला वर्गात बसवलं आणि आम्ही भाषण बांधायला घेतलं. हो, भाषण. आम्हाला दुसरं काही बांधताच येत नव्हतं. सुरुवातीला उद्योगाचं महत्त्व, म्हणजे ऐकणारे दुखावणार नाहीत. मग कामगाराच्या घरातली चूल. मग एक विराम. मग वाढत जाणारे तीन प्रश्न. आणि अगदी शेवटी, सभागृह मुठीत आल्यावर, ते एक वाक्य: मी स्वतः त्याला आत जाताना पाहिलं आहे.

वनिता मागच्या बाकावर बसून ऐकत होती. माझा सराव झाल्यावर ती म्हणाली, "पयल्यांदाच सांगून टाक ना, तू पाह्यलंस म्हून."

सर तिच्याकडे बघून हसले. वाईट हसले नाहीत. "वनिता, भाषणाला बांधणी असते. बाण शेवटी सोडायचा."

मला सरांचंच पटलं. आज मी वाणगावच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना भाषणकलेचा तास घेते, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहिते: महत्त्वाचं आधी सांगा. मुलं निमूटपणे उतरवून घेतात. का, म्हणून अजून एकानंही विचारलेलं नाही.

सुनावणी बोईसरातल्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजच्या मागच्या पडद्यावर थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं तशीच होती आणि त्यांच्याखाली चौकशी करणारे साहेब, दोन कारकून, टेबलावर हिरवं कापड. शिळ्या निशिगंधाचा आणि जिलबीच्या पाकाचा वास. मागच्या रांगेत वनिता आणि तिची आई, नवं लुगडं नेसून. शेवटच्या खुर्चीत सर.

माझं नाव पुकारलं. मी गेले, पाय रोवले, पोटात श्वास घेतला. 'सन्माननीय व्यासपीठ' असं म्हटल्यावर एका कारकुनानं मान वर करून बघितलं. मी बोलत राहिले. डावीकडे, मध्ये, उजवीकडे. उद्योगाचं महत्त्व झालं. चूल झाली. मागे कुणीतरी नाक ओढलं आणि मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहायला आजही लाज वाटते. विराम घेतला. पहिला प्रश्न टाकला, दुसरा टाकला, तिसऱ्यासाठी आवाज उचलला.

आणि साहेबांनी टेबलावरची घंटा दाबली.

ती शिपायाला बोलावायची घंटा होती. त्यांना पाणी हवं होतं. बोलायला वेळेचं बंधन कुणी घातलेलंच नव्हतं, माझ्या आधीचा माणूस तर पाव तास बोलला होता. पण ती वाजली आणि माझं तोंड मिटलं. वाक्याच्या मध्ये मिटलं. मी मान लववून "धन्यवाद" म्हटलं आणि स्टेजवरून उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्चीत बसल्यावर मला शिपाई पाण्याचा पेला घेऊन स्टेजवर चढताना दिसला.

मी पुन्हा उठले. "साहेब, एक सांगायचं राहिलं."

"तुमचं झालं ना?" साहेब म्हणाले. रागानं नाही, साधंच. "बाकीच्यांनाही बोलायचंय. राहिलं असेल ते लेखी द्या."

एकदा स्टेज सोडलं की परत फिरायचं नाही, हाही सरांचाच नियम. पण त्या क्षणी मला नियम आठवला असं म्हटलं तर ते खोटं होईल. पन्नास माणसं माझ्याकडे वळून बघत होती, मला त्यांची लाज वाटली, आणि मी बसले. एवढंच खरं आहे.

बाहेर आल्यावर सर माझ्याजवळ आले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "वेळ पाळलीस." म्हणाले आणि त्यांचा चेहरा विझला. वनिता आईला धरून पायऱ्या उतरत होती. माझ्यापाशी थांबली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तेवढंच राह्यलं ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. ती गेली. त्यानंतर ती कॉलेजात आली नाही.

लेखी मी दिलं नाही. तीन दिवस कागद समोर ठेवला. तिसऱ्या दिवशी वडील जेवताना म्हणाले, "आमच्या कारखान्याचा मालक आणि त्या कारखान्याचा, दोघे मेव्हणे आहेत, माहीत आहे ना तुला?" आणि पुढं जेवत राहिले. नको देऊ असं ते म्हणाले नाहीत. मी कागद वहीत ठेवला. वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याला मी कधी माफ केलेलं नाही. चौकशीचा अहवाल निघाला. त्यात मेलेली माणसं चारच होती.

हे सगळं त्या घंटेच्या वजनात होतं. पालघर स्टेशनावर मला बोईसरकडं, वाणगावकडं जाणाऱ्या गाडीत बसायचं होतं. मी उलट्या दिशेची पकडली. केळवे रोडला उतरून टमटममध्ये बसले, तशी घंटा पुन्हा सुरू झाली. मिठागरं, खाडीकाठची खाजण जमीन, मग नारळांची रांग. मधल्या वर्षांत या रस्त्याला पाट्या आल्यात, घरगुती जेवण, राहण्याची सोय. वनिताच्या वाडीलाही पाटी होती.

पोफळींच्या खाली पत्र्याचा मांडव घातलाय. मुंबईहून आलेली दोन कुटुंबं ताटावर बसली होती. वनिता हातात सोलकढीचं भांडं घेऊन वाढत होती. अंगानं भरलीय, केस कानांपाशी पांढरे. तिनं मला पाहिलं आणि ती वाढायची थांबली नाही. ते ताट पुरं केलं, पुढचं पुरं केलं, मग म्हणाली, "आलीस? बस. जेवून जा."

"सर गेले," मी म्हटलं.

"कळलं." तिनं भांडं खाली ठेवलं. "मारायचे नाय कधी. बरे होते."

ओट्यावर तिची आई होती. तोच अडकित्ता, तीच सुपारी. अंग आक्रसून लहान मुलीएवढं झालेलं. मी पायाशी वाकले तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वनिताकडे बघितलं.

"कानानं गेलीय," वनिता म्हणाली. "जवळ जाऊन वरडलं तरच." मग वाकून आईच्या कानाशी मोठ्यानं, "कॉलेजातली मैतरीन! दिनूभाऊचा डबा न्यायची ती!"

अडकित्ता थांबला.

"तू दिलता डबा?" म्हातारीनं मला विचारलं. "त्या दिसी?"

वनिता हळूच म्हणाली, "मी सांगितलंय तिला शंभरदा. पन मी घरची. माझं तिला खरं वाटत नाय."

मी ओट्याखाली अंगणात उभी राहिले. पाय रोवले. सगळं आपोआप झालं. श्वास पोटात गेला, आवाज तिथूनच आला, आणि मी एकही शेवटचा शब्द गिळला नाही.

"मावशी, दिनूभाऊ कामावर होता. मी स्वतः त्याला आत जाताना पाहिलं. तीनच्या भोंग्याआधी. मागच्या दारानं गेला. डबा त्याच्या हातात होता. तो प्यायलेला नव्हता. रविवारी येतो, असं आयेला सांग म्हणाला."

मांडवातले चमचे थांबले. शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप चालू होता, त्याच्याही वरून ते गेलं. बांधापलीकडे झावळ्या गोळा करणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सगळं सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"शर्ट कंचा होता?" म्हातारीनं विचारलं.

"निळा."

"खिसा उसवलेला?"

"हो. एका कोपऱ्यात."

तिनं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली. "मी शिवायचा राह्यलेला," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. रागावली नव्हती. विचारायचं म्हणून विचारलं. "मंग तवा का नाय बोललीस, बाय?"

मी उत्तर दिलं, पण ते माझ्या ओठांतच राहिलं. तिनं कानाला हात लावला. "काय?" तिनं वनिताकडे बघितलं. वनिता मदतीला आली नाही. रिकामं भांडं पोटाशी धरून ती माझ्याकडे बघत उभी राहिली, त्या पाहुण्यांसारखी, त्या बाईसारखी.

मग मला ते मोठ्यानं सांगावं लागलं. शेवटच्या रांगेपर्यंत.

"घंटा वाजली म्हणून."

मांडवातल्या एका पोरीनं आईला काहीतरी विचारलं, तिच्या आईनं तिला गप्प केलं.

"कसली घंटा?" म्हातारी म्हणाली.

मी पिशवीत हात घातला. रुमाल सोडला आणि घंटा तिच्या हातात दिली. गरुड बघून तिनं ती सवयीनं आधी कपाळाला लावली. मग कानाशी नेली आणि हलवली. एकदा, दोनदा, मग मनगटापासून जोर करून. वाडीभर आवाज घुमला, वरचा कावळा उडाला, वनिताचा हात भांड्यावर थबकला, आणि माझं तोंड मिटलं.

म्हातारीनं घंटा उलटी करून आत बघितलं.

"वाजत तं नाय," ती म्हणाली, आणि माझ्या हातात परत दिली.